परदेशात राहून जुनी एमएक्स-५ उभी करायची तर

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या निदान चार जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. परदेशात नोकरी आहे, भाड्याचं घर आहे, त्याला एक छोटं गॅरेज आहे आणि लहानपणापासून डोक्यात बसलेली जपानी स्पोर्ट्स कार आता कुठे परवडायला लागलीये, तर जुनी घेऊन स्वतः रिस्टोर करता येईल का. येते. मी १९९० ची माझदा एमएक्स-५ अशीच शनिवार-रविवार धरून उभी केली. फोनवर दरवेळी अर्धंच सांगून होतं, म्हणून इथे सगळं नीट लिहितोय.

सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करायची गोष्ट म्हणजे, परदेशात आपण अजून किती वर्षं आहोत हे आपल्यालाच माहीत नसतं. व्हिसा, नोकरी, घरमालक यातलं काहीही बदललं की गाडी हलवावी लागते, विकावी लागते नाहीतर कंटेनरमध्ये भरावी लागते. म्हणून काम असं करायचं की गाडी दोन-चार दिवसांत चाकांवर उभी करता यावी, आणि केलेला प्रत्येक बदल पुन्हा मूळ रूपात फिरवता यावा. ज्यांची गाडी तीन-तीन वर्षं खोक्यांमध्ये सुटी पडून राहते आणि शेवटी भंगारच्या भावात जाते, त्यांनी बहुतेक वेळा पहिल्याच महिन्यात सगळी गाडी खोलून ठेवलेली असते.

हीच गाडी का

एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली, जपानमध्ये तीच युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली, आणि पॉप-अप हेडलाइटवाली पहिली पिढी, जिला सगळे एनए म्हणतात, ती १९९७ पर्यंत चालली. आधी १.६ लिटर इंजिन आणि १९९४ च्या मॉडेलपासून १.८. वजन हजार किलोच्या आसपास, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं. बॉनेट उघडलं की हात घालायला जागा असते, आणि पहिल्यांदा पाना हातात धरणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. माझदाचीच आरएक्स-७ मला पण जीव की प्राण वाटते, पण तिच्या रोटरी इंजिनचे अ‍ॅपेक्स सील, म्हणजे फिरत्या रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, गेले की सगळं इंजिन खोलावं लागतं आणि ते काम येणारी माणसं मोजकी. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर घ्यायची तर गाडीतच सगळे पैसे संपतात, सुट्या भागांना काही उरत नाही. पहिली गाडी एनएच घ्या, हात बसला की मग पुढचं बघा.

पैसे देण्याआधी कागद

गाडी बघायला जायच्या आधी तीन कागद बघा. पहिला भाडेकरार. गॅरेजमध्ये गाडीचं काम करायची परवानगी आहे का, नसेल तर घरमालकाकडून लेखी घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका. दुसरा, त्या देशाचे नियम. जपानहून थेट मागवायची असेल तर अमेरिकेत साधारणपणे गाडी २५ वर्षं जुनी लागते आणि ते उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, कॅनडात १५ वर्षं. मॉडिफिकेशनचे नियम तर प्रत्येक ठिकाणी वेगळे. जर्मनीत तुम्ही स्प्रिंग बदलल्या तरी त्या तपासून कागदोपत्री नोंदवून घ्याव्या लागतात, कॅलिफोर्नियात इंजिनच्या धुराशी संबंध असलेल्या पार्टला तिथल्या हवा-प्रदूषण बोर्डाचा मंजुरी नंबर लागतो, जपानच्या तपासणीत गाडी जमिनीपासून किमान ९ सेंटीमीटर वर लागते. हे आधी वाचलं नाही तर हौसेने घेतलेला टर्बो किट कपाटात पडून राहतो. तिसरा कागद इन्शुरन्सचा. प्रत्येक बदल त्यांना कळवायचा, आणि जुन्या गाडीसाठी ठरलेल्या किमतीची पॉलिसी मिळत असेल तर तीच घ्यायची, नाहीतर काही झालं की ते साध्या जुन्या गाडीच्या भावाने पैसे देतात.

गाडी बघताना: गंज, गंज आणि गंज

इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सडलेला पत्रा म्हणजे सगळ्यात महागडं काम. एनएची दुखरी जागा ठरलेली आहे, मागच्या चाकाच्या अगदी पुढे, दाराखालच्या पट्टीचा, म्हणजे सिलचा मागचा टोकाकडचा भाग. कापडी छतावर पडलेलं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं, त्या नळ्या पानं-धुळीने तुंबल्या की पाणी सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून रंग चकाचक असतो.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, पण बोटाच्या पेराने दारापासून मागे ठोकत गेलो तर आधी टणटण आवाज येत होता आणि शेवटच्या वीतभर जागेत एकदम थप थप यायला लागला. लोहचुंबक लावला तर चिकटेना. आधी कुठल्यातरी गॅरेजने गंजाच्या भोकात कागदाचे बोळे कोंबून वरून पुट्टी मारली होती आणि रंग दिला होता. तरी मी गाडी घेतली कारण बाकीची कोरडी होती, पण किंमत त्याप्रमाणे पाडून घेतली. तुम्ही पण चुंबक खिशात ठेवा, पातळ फडक्यात गुंडाळून लावा म्हणजे रंगाला चरा जात नाही.

दुसरी बघायची गोष्ट क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा. साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड होतं आणि तिथला बोल्ट सैल पडला की चावीची खाच झिजते, पुली डगमगायला लागते, मग टायमिंग बिघडतं. ओळखायचं कसं तर पुढच्या पुलीवरच्या खाचा मोजायच्या, चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब. आखूड असली म्हणजे गाडी सोडून द्यायची असं नाही, पण इंजिन चालू ठेवून पुलीकडे टॉर्च मारून बघा, लटपटताना दिसली तर सरळ परत या.

बाकी चटकन. गाडी थंड असतानाच चालू करायला सांगा, सुरुवातीला वरून टकटक आवाज येऊन थांबला तर ते हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तेल भरलं की शांत होतात, घाबरायचं कारण नाही. इंजिनच्या मागच्या बाजूला तेल ओघळलेलं असेल तर बहुतेक वेळा कॅम अँगल सेन्सरची रबरी रिंग गेलेली असते, पार्ट अगदी स्वस्त, फक्त हात पोचवायला त्रास. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर ती फुटायला आलीये असं समजा. क्लच पेडल मऊ लागलं तर खालचा स्लेव्ह सिलेंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा छोटा सिलेंडर, गेलाय असं समजा.

पहिला महिना: खोलायचं नाही, समजून घ्यायचं

गाडी घरी आली की माझदाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि कुठलाही बोल्ट काढायच्या आधी फोटो काढा, तीन बाजूंनी. प्रत्येक कामाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तारीख आणि जागा मराठीत लिहा, "डावं पुढचं, वरचा आर्म, लांब बोल्ट मागे" असं. तेव्हा वाटतं लक्षात राहील. तीन महिन्यांनी काहीही लक्षात राहत नाही.

जॅक लावताना एनएच्या तळाशी लांब जाणाऱ्या दोन पट्ट्या दिसतात त्यांना लावू नका, त्या चेपतात. पुढे मधल्या क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या तुळईला, मागे डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला जॅक, आणि स्टँड सिलच्या ठरलेल्या जागी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा, शिरायचं नाही, त्यातून परदेशात एकटे राहत असाल तर काम करताना कुणाला तरी फोन करून सांगून ठेवा.

मग सगळी तेलं-पाणी बदला. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल काढताना आधी भरायचा वरचा बोल्ट उघडतोय का ते बघा, मगच खालचा सोडा. खालून सगळं तेल सांडून मोकळे झालात आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरून हलत नाही. गिअरबॉक्सला साधारण २ लिटर ७५डब्ल्यू-९० तेल लागतं, मी जीएल-४ दर्जाचं घातलं कारण ते गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या आतल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवतं. कूलंट साधारण ६ लिटर. जुनं तेल आणि कूलंट कॅनमध्ये भरून नगरपालिकेच्या केंद्रावर द्यायचं, गटारात ओतलं तर दंड बसतो आणि तो बसायलाच पाहिजे.

टायमिंग बेल्ट

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅम यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. तो कधी बदललाय याची पावती नसेल तर बदलायचाच, अंतर साधारण ९६,००० किलोमीटरचं धरतात. समाधानाची गोष्ट म्हणजे या १.६ इंजिनमध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. उघडलंच आहे तर पाण्याचा पंप, टेन्शनरची स्प्रिंग, दोन्ही कॅमचे आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील, सगळं एकदम बदला, मजुरी आपलीच आहे.

इथे एक जागा आहे जिथे सगळे चुकतात. दोन्ही कॅम पुलींवर आय आणि ई अशी अक्षरं असतात, एकीचं आय आणि दुसरीचं ई वर आणल्यावर त्या दोन खुणांच्या मध्ये बेल्टचे बरोबर १९ दात यायला हवेत. मी पांढऱ्या खडूने खुणा करून बोट लावून मोजले, १९, मग क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला आणि परत मोजले तर १८ भरले. टेन्शनर घट्ट करताना एक दात सरकला होता. तसंच बंद केलं असतं तर गाडी चालू झाली असती पण कधीच नीट ओढली नसती, आणि मी महिनाभर सेन्सर बदलत बसलो असतो. म्हणून फिरवून परत मोजायचं, हे काम दहा मिनिटांचं आहे.

क्रँकचा मोठा बोल्ट लांब नाकाला १५७ ते १६७ न्यूटन मीटर, आखूडला १०८ ते ११८, टॉर्क रेंच लावूनच. शेवटी टायमिंग लाइटने, म्हणजे ठिणगीबरोबर उघडझाप करणाऱ्या दिव्याने, तपासा, बॉनेटखालच्या डायग्नोसिस डब्यात टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरने जोडायची, आयडल मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास, आणि पुलीवरची खूण १० अंशांवर दिसली पाहिजे. वायर काढायला विसरू नका.

पत्र्याचं काम

सडलेला भाग चमकदार लोखंड लागेपर्यंत कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, रंग, आणि सगळं वाळल्यावर आतल्या पोकळीत मेण फवारायचं. पुट्टी फक्त शेवटच्या मिलिमीटरभर गुळगुळीतपणासाठी. वेल्डिंग येत नसेल तर हे एकच काम बाहेर द्या, आणि भाड्याच्या लाकडी गॅरेजमध्ये तर वेल्डिंग करूच नका.

पण देताना कारागिराला एक गोष्ट आवर्जून सांगा. या गाडीला पक्कं छत नाही, म्हणजे तिचा कणा हे सिलच आहेत. एका वेळी एकच बाजू कापायची, दारं बंद ठेवायची, आणि गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनखाली टेकवलेली असावी, मधोमध अधांतरी नको. कापण्याआधी दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून कागदावर लिहून ठेवा. दोन्ही बाजू एकदम कापलेली गाडी मी बघितलीये, तिची दारं पुन्हा कधीच नीट लागली नाहीत.

पत्रा झाला की पाण्याच्या नळ्या साफ करा, नाहीतर सगळं पाण्यात. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी वरून घाला, हळूहळू पिळत खाली न्या. लोखंडी तार नको, नळीला भोक पडतं. माझ्या उजव्या नळीतून आधी काळा चिखल आला, मग कुजलेली पानं, आणि मग एकदम तांब्याभर पाणी चाकापुढच्या भोकातून खाली बदाबदा आलं. ते पाणी कधीचं आत साचलं होतं कोण जाणे. आता दर दोन महिन्यांनी तांब्याभर पाणी ओतून बघतो, लगेच खाली आलं पाहिजे.

सुटे भाग मागवणं

नियम सोपा ठेवा. फिल्टर, पॅड, बेअरिंग, होज असे झिजणारे भाग राहता त्या देशातून, आणि रबर, ट्रिम, चिन्हं, क्लिपा जपानहून. माझदाने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी रिस्टोरेशनचा कार्यक्रम जाहीर केला आणि बंद झालेले बरेच भाग पुन्हा काढले, कापडी छत, नार्डी कंपनीचं लाकडी स्टीअरिंग, अगदी मूळ मापाचे ब्रिजस्टोन टायरसुद्धा. निस्सान आणि टोयोटाने पण आपल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी असंच सुरू केलंय, त्यामुळे दुसरी गाडी असेल तरी आधी कंपनीकडे विचारा.

पार्ट नेहमी चॅसिस नंबरवरून शोधा, वर्षावरून नाही. जपानी बाजारातल्या गाडीला १७ आकडी नंबर नसतो, एनए६सीई किंवा एनए८सी असा छोटा फ्रेम नंबर असतो, त्यामुळे इतर देशांच्या वेबसाइटवर तो टाकला तर चालत नाही, जपानी कॅटलॉगच बघावा लागतो. उजव्या-डाव्या स्टीअरिंगचा फरक डॅशबोर्ड, वायपर, पेडल अशा सगळ्यांत येतो. हेडलाइटचा प्रकाश कुठल्या बाजूला पडतो तेही बदलावं लागतं, पण एनएचे दिवे ७ इंची गोल असल्यामुळे ते स्वस्तात होतं.

कुरिअरचं गणित आधी मांडा. मोठ्या वस्तूला वजन नाही तर आकार लावतात, बऱ्याच ठिकाणी लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये काढून ५००० ने भागतात. बंपरचं खोकं १६० बाय ४० बाय ३५ धरलं तर ते ४४.८ किलोचं मोजलं जातं, आत बंपर फक्त चार-पाच किलोचा असला तरी. म्हणून मोठे भाग जहाजाने आणि चार जणांनी मिळून मागवा. एअरबॅग धोकादायक मालात मोडते, ती साध्या पार्सलमध्ये टाकू नका.

आता मॉडिफिकेशन, आणि याच क्रमाने

जुन्या शॉकअपवर नवे रुंद टायर घालून काही कळत नाही, म्हणून आधी सस्पेन्शनचे सगळे रबरी बुश आणि बॉल जॉइंट. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचे, लांब बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसलेले असतात, आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा, जोर लावून तोडू नका. नवे रबरी बुश बसवताना बोल्ट हलकेच लावा, गाडी चाकांवर उतरवा आणि मग पूर्ण घट्ट करा. हवेत लटकलेल्या अवस्थेत घट्ट केले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं.

त्यानंतर टायर. मूळ माप १८५/६० आर १४, व्यास साधारण ५७८ मिमी. १९५/५० आर १५ घातला तर व्यास ५७६ येतो, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो आणि चांगले टायर मिळतात. चाकाचे बोल्ट ४ बाय १००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार, मधलं भोक ५४.१ मिमी. हलकं चाक घ्या, दिसायला साधं असलं तरी चालेल. मग ब्रेक. १.६ ला पुढे २३५ मिमीच्या डिस्क असतात, १.८ च्या २५५ मिमीच्या डिस्क, कॅलिपर आणि ब्रॅकेट सरळ बसतात, काही कापावं लागत नाही. माझ्या मते या गाडीतला सगळ्यात समाधान देणारा बदल हाच, आणि उद्या हवं तर एका दुपारात परत मूळ.

गाडी खाली घ्यायची तर थोडीच घ्या. एनएला सस्पेन्शनची हालचाल मुळातच कमी, फार खाली घेतली की प्रत्येक खड्ड्यात आपटते.

टर्बोबद्दल सगळे विचारतात. १.६ च्या मागे ६ इंची डिफरन्शियल आहे, ते जास्त ताकद सहन करत नाही, म्हणजे टर्बोआधी १.८ चं ७ इंची डिफरन्शियल, त्याचे ड्राइव्हशाफ्ट आणि प्रॉपशाफ्ट, नवा क्लच, मोठा रेडिएटर, इंधनाची सोय आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एवढं लागतं. पहिल्या वर्षी यात पडू नका. निरोगी १.६ इंजिन मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत फिरवत नेण्यात जी मजा आहे ती आधी पोटभर घ्या.

काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून एका मोठ्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा, आणि पावत्या-फोटो एका फाइलमध्ये. देश बदलायची वेळ आली तर हीच पेटी कामाला येते. आणि ऑस्ट्रेलियाला गाडी न्यायची असेल तर जुन्या ब्रेक पॅड आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नाही हे आधी तपासून घ्या, तिथे ते आणायला पूर्ण बंदी आहे.

पहिला फेरफटका

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा आणि हीटरची गरम हवा दोन्ही बघा, काटा वर आणि हवा थंड असेल तर कूलंटमध्ये हवा अडकलीये, लगेच थांबा. नवे पॅड असतील तर ताशी ६० किलोमीटरवरून २० वर असे दहा-बारा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण न थांबता. हँडब्रेक सैल वाटला तर केबल ओढत बसू नका, मागच्या कॅलिपरच्या पाठीमागे एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिमीचा अ‍ॅलन स्क्रू असतो, मूळ अ‍ॅडजस्टमेंट तिथे. घरी येऊन गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून काय गळतंय ते कळतं. ८० किलोमीटर झाले की चाकांचे नट परत टॉर्क रेंचने तपासा, ८८ ते ११८ न्यूटन मीटर, आणि ५०० किलोमीटरला सस्पेन्शनचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा. माझा डावा मागचा खालचा बोल्ट त्या वेळी पाव फेरी फिरला होता.